फोटोतला कान

“हा कान कुणाचा?” संपादकांनी दोन वर्तमानपत्रं टेबलावर आपटली.

चित्रकार मुलगी उभीच राहिली. कोर्टात कॅमेऱ्याला बंदी, म्हणून खटल्यांची चित्रं काढायला पेपरनं तिला नुकतंच ठेवलं होतं. जामिनावर सुटलेला आरोपी काल पहिल्यांदा सुनावणीला आला. दोन्ही पेपरांत त्याचंच चित्र. कपाळ तेच, नाक तेच. पण तिच्या चित्रात कानाची पाळी गालाला चिकटलेली, तर दुसऱ्या पेपरच्या जुन्या चित्रकारानं, मास्तरांनी, काढलेली पाळी सुटी, लोंबती.

“मास्तरांचे केस कोर्टात पांढरे झालेत. ते चुकायचे नाहीत,” संपादक म्हणाले. “मग तुमचं काय समजायचं?”

“सर, लांबून नीट दिसलं नाही.”

“मास्तर तुमच्या मांडीला मांडी लावून बसले होते!”

ती चित्रकला शिकली ती फोटो बघून. फोटो हलत नाही, त्यातली सावली सरकत नाही, ‘काय बघतेस’ म्हणून तो डोळे वटारत नाही. जिवंत माणूस समोर आला की तिच्या हाताचा दगड व्हायचा. म्हणून अटकेच्या वेळी पोलिसांनी काढलेल्या फोटोवरून तिनं चेहरा घरीच रंगवला होता. कोर्टात बसून फक्त पिंजरा आणि शर्टाची कॉलर काढली.

मास्तरांनी ते तिरक्या नजरेनं टिपलं होतं. “पोरी, देवानं मान दिलीय ती काय नुसती खाली घालायला? वर बघ की जरा!” ती नुसती हसली होती.

आता हसू कुठलं? ही नोकरी गेली की पुन्हा दुकानांच्या पाट्या. आणि वहिनी भाकरी वाढता वाढता म्हणणार, “या, चित्रकारबाई, या!”

शिपायानं दार ढकललं. “सर, पोलीस आलेत. ह्या ताईंना विचारतायत.”

संपादकांचा चेहरा पडला. “घ्या! आता पेपरचंही नाक कापलंत.”

तपास अधिकारी आत आला तो सरळ खुर्चीवर बसला. त्यानं खिशातून अटकेचा फोटो काढून दोन्ही चित्रांच्या मधोमध ठेवला.

“तुमचं चित्र यावरून काढलंय?”

‘नाही’ एवढंच म्हटलं तर कदाचित निभावलं असतं. पण समोर तो कान होता, रेषेला रेष जुळणारा.

“हो,” ती म्हणाली. “घरी बसून.”

“कोर्टात त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाहीत?”

“नाही.”

“एकदाही?”

“धीरच झाला नाही, साहेब.”

संपादक ताडकन उठले. “साहेब, या क्षणापासून ह्यांचा आमच्या पेपरशी काही संबंध...”

“बसा हो.” अधिकाऱ्यानं हात वर केला. फोटो उचलून त्यानं तिच्या चित्राला अगदी खेटून ठेवला.

“वर पाहिलं नाहीत ते बरं झालं, ताई. नाहीतर मास्तरांसारखं तुम्हीही त्याच्या जागी पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या धाकट्या भावाचंच चित्र काढलं असतंत.”