आधी की नंतर?

सकाळी दहा वाजता पंचांनी लिफाफा फोडला. मावशी-भाचीच्या कालच्या अर्धवट बुद्धिबळाच्या डावातली मावशीची पुढची खेळी त्यात बंद होती. जिंकेल तिला संघातली शेवटची जागा मिळणार होती. भाचीने दोन्ही हत्ती आणि वजीर मावशीच्या एकाच दुबळ्या प्याद्यावर रोखले होते. "किती जपशील त्याला?" तिने चिडवलं. "खा की, मी कुठे धरून ठेवलंय?" मावशी हसली. पंचांनी कागद वाचून ते प्यादंच एक घर पुढे सरकवलं. मागे दडलेल्या मावशीच्या उंट-वजिराला थेट भाचीच्या राजाशेजारच्या घरापर्यंत वाट मिळाली; पुढच्या खेळीत मात होती. भाची हबकली. राजा वाचवायला हवा, पण खायच्या घाईत बोटं हत्तीवर होती. पाळी आल्यावर हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो. "अहो, आधीपासूनच तिथे होता माझा हात!" पंचांचं लक्ष कागदात होतं. त्यांनी मावशीला विचारलं, "हिचा हात माझ्या खेळीच्या आधी लागला की नंतर?" सव्वादहा वाजेपर्यंत मावशीने तोंड उघडलं नव्हतं.