फ्रेमसाठी एक फोटो

"चष्मा काढ म्हटलं ना तुला! आणि दात नको दाखवू, ओठ मीट," सरूबाई दारातूनच ओरडल्या.

पलंगावर बसलेल्या संचिताने चष्मा काढून उशीखाली सारला. शुभदाने कॅमेरा खाली घेतला. आता मात्र तिचं डोकं फिरलं. अठरा पुरी व्हायला आलेल्या मुली, आपापल्या खोलीत, जशा असतात तशा, एवढीच तर तिच्या प्रदर्शनाची अट होती. त्यासाठी मीरा रोडपासून उत्तनपर्यंत ती घरं पालथी घालत होती. पसारा आवरू नका, पोरीला नटवू नका, असं फोनवर बजावून झालं होतं. आणि इथे बघावं तर नवी साडी, घट्ट वेणी, गालांवर पावडरचे थर! लग्नाला निघाल्यासारखी.

बाकीच्या आयांना पटवताना तिच्या नाकी नऊ आले होते. "मुलीच्या बेडरूमचा फोटो? कशाला ओ?" असं म्हणून दोघींनी तर दारच लावून घेतलं होतं. सरूबाईंनी मात्र ऐकून स्वतःहून फोन केला. भाईंदरला दोन खोल्यांचं घर, नवरा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात, तरी आतली खोली पोरीला दिलेली. शुभदाला केवढं कौतुक वाटलं होतं.

खोलीत पलंग, शिलाई मशीन आणि भिंतीवर दुर्गाचा फोटो. दुर्गा ही संचिताची जुळी बहीण. सहावीत असताना काविळीने गेली. फोटोत शाळेचा ड्रेस, दोन वेण्या, वर चंदनाचा हार. शुभदा कुठेही उभी राहिली तरी तो फोटो कॅमेऱ्यात यायचाच. कोपऱ्यातून घ्या, खाली बसून घ्या, संचिताच्या डोक्याशी दुर्गा आपली हजर.

"पलंग जरा फिरवूया का?" तिने विचारलं.

"नको मॅडम," संचिता म्हणाली. "मग झोपताना फोटोकडे पाय होतात. म्हणून मी डोकं तिकडे करूनच झोपते. लहानपणापासून."

सवयीने शुभदा फोटोजवळ गेली. दुर्गाच्या डाव्या गालावर एक फिकट ठिपका होता. ब्रशने काहीतरी झाकल्यासारखा. खाडीची हवा, ओल धरली असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

सरूबाई चहा ठेवायला गेल्या तशी संचिता पुढे वाकली. "मॅडम, एक चष्म्यातला काढाल? आई कधी काढूच देत नाही. माझा म्हणून एक तरी फोटो हवाय मला."

"काढूया की," शुभदा म्हणाली. तेवढ्यात सरूबाई कप घेऊन आल्याच.

"झाले तुमचे काढून? आता नुसत्या चेहऱ्याचा एक काढा. मोठा करून द्या. फ्रेमसाठी."

"स्थळासाठी का?" शुभदा हसली.

"स्थळ कसलं हो! तिच्यासाठी." सरूबाईंनी भिंतीकडे मान वळवली. "ती पण आता अठराची झाली ना? वयात आलेली पोर, किती वर्षं शाळेच्या ड्रेसात ठेवायची? बघवत नाही हो मला."

शुभदाने कप खाली ठेवला. "अहो, पण हा फोटो संचिताचा होईल. दुर्गाचा कसा होईल?"

"मग तो तरी कोणाचा आहे?" सरूबाईंचा आवाज चिरकला. "शाळेत फोटोवाला आला तेव्हा दुर्गा घरी तापाने फणफणत होती. तिचा निघालाच नाही. तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो नको? गावची माणसं आलेली, काय सांगायचं त्यांना? हिचाच दिला मग मोठा करायला. तीळ तेवढा झाकून दिला स्टुडिओवाल्याने." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "एका पोटच्या, एका तोंडाच्या. कोणाला कळलं पण नाही."

शुभदा संचिताकडे बघतच राहिली. ही पोर इतकी वर्षं स्वतःच्याच हाराखाली उशी घेऊन झोपत होती. दर पितृपक्षात त्या फोटोला हळदकुंकू कोण वाहतं, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

संचिता रडली नाही. तिने साडीचा पदर पेल्यातल्या पाण्यात बुडवला आणि गाल घासला. चांगला खसाखसा घासला. पावडर निघाली आणि डाव्या गालावरचा ठसठशीत काळा तीळ वर आला. मग उशीखालचा चष्मा काढून तिने डोळ्यांवर चढवला.

"अगो, काय करतेस हे? सगळं घालवलंस!" सरूबाई पुढे धावल्या.

"आता काढा मॅडम," संचिता म्हणाली. "ह्या फोटोला हार घालता येणार नाही."