चांदणी पाऊल उचलत नाही

लहानपणापासून घोड्यांचं वेड असलेल्या दिग्विजयनं अखेर हिंजवडीतली नोकरी सोडली, मुठा गावात तबेला बांधला आणि चांदणी नावाची पांढरीशुभ्र घोडी आणली. घोडे शिकवायचे, पैदास करायची, असा झकास बेत होता. पण चांदणी जागची हलेल तर शपथ!

शेवटी त्यानं तिच्या जुन्या मालकाला फोन लावला.

"आवो, वरातीतली घोडी हाय ती," मालक म्हणाला. "म्होरं कुणी नाचल्याबिगर पाय उचलायची न्हाई."

मग काय, दिग्विजय रोज सकाळी लगाम धरून तिच्यापुढे नाचायला लागला. नोकरी सोडल्यापासून त्याचे सासरे फुगलेलेच होते. पोटच्या लेकीच्या लग्नातही त्यांनी कधी पाय हलवला नव्हता. जावयाचा हा अवतार बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"जुईली, बॅग भर. माणूस कामातून गेला!"

जुईली हसली, पण हलली नाही.

वर्षभरानं चांदणीला शिंगरू झालं. तेही थेट आईच्या वळणावर गेलं.



आता रोज सकाळी चांदणीपुढे दिग्विजय नाचतो, आणि शिंगरापुढे दातात रुमाल धरून नागीण डान्स करतात ते सासरे.