सातवा टप्पा

"पुढं घे नं रंजी, पुढं," चंदाबाई म्हणाली.

"पुढं नाई घेता येत माय. चालू रेस हाय," रंजीता म्हणाली.

मंदिराच्या सभामंडपात, खांबाला टेकवलेल्या मोबाइलवर वाळवंटातल्या एका देशातली सायकलची रेस चालू होती. सात दिवसांची, सात टप्प्यांची. आज शेवटचा टप्पा. गावातला सप्ताहही आजच संपला होता. काल्याचं कीर्तन झालं, पंगती उठल्या. चंदाबाईच्या पुढ्यातला काल्याचा द्रोण तसाच होता.

सात दिवस तिनं अन्न घेतलं नव्हतं. नुसतं पाणी आणि दोन वेळा दूध.

त्याच देशात कमवायला गेलेल्या तिच्या लेकाचा, कुलदीपचा, शेवटचा फोन आला तो रेसच्या आदल्या दिवशी. बोलताना त्याचे दात वाजत होते. "ताप हाय माय. पण सुट्टी नाई भेटत. सात दिवस रेसच्या रस्त्यावरच राहीन. नारंगी कपडे देल्ले हायेत. मोबाइलवर पाह्य, दिसन कुठीतरी." त्यानंतर फोन बंद तो बंदच. लेकराचं तोंड दिसल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही, असं तिनं त्याच संध्याकाळी देवापुढं सांगून टाकलं.

कुलदीप रेसमध्ये उतरलाय म्हटल्यावर गावाला नवल वाटलं नाही. कुलदीप वैनगंगेचे मासे सायकलवर बांधून आरमोरीच्या बाजारात न्यायचा, तो बर्फ वितळायच्या आत पोहोचायचा. "एसटीच्या पुढं काढे सायकल," शेजारचा झिंगू सांगायचा. "इथी मांगं मासोळ्या राह्यत. तिथी काय बांधलं असन?"

रेसमध्ये नारंगी कपड्यांच्या संघाचे सात जण होते. सगळ्यांच्या डोक्यावर टोप, डोळ्यांवर काळा चष्मा. कोण कोणाचा लेक, कळायला मार्ग नव्हता. रंजीतानं दुसऱ्याच दिवशी खेळाडूंची यादी शोधून काढली होती. यादीत भावाचं नाव नव्हतं. ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

कीर्तनकार सोमाजीबुवांची जीप दाराशी उभी होती, पण त्यांचा पाय निघत नव्हता. तिसऱ्या दिवशी रंजीतानं त्यांना समजावलं होतं, की एक जिंकावा म्हणून बाकीचे सहा त्याच्यापुढं राहून वारा झेलतात. त्या रात्री कीर्तनात बुवा म्हणाले, "जिंकला त्याचं नाव साऱ्याइले ठाऊक. वारा झेलला त्याइचं फक्त पांडुरंगाले." अख्खा सभामंडप गहिवरला होता.

"बाई, काला नाकारू नाई," बुवा आता हळूच म्हणाले.

"नाकारत नाई बुवा. तो दिसला का घेईन."

"अन् नाई दिसला त?" झिंगू बोलून गेला.

"चूप बस बे!" मागून कोणीतरी दटावलं.

वाळवंटात वारा सुटला. पडदा पिवळा झाला. एका वळणावर पुढच्या सायकली घसरल्या, मागचे त्यांच्यावर आदळले. नारंगी कपड्यांचे चौघे आडवे झाले. चित्र घेणारी मोटरसायकल तिथंच थांबली.

चंदाबाईनं मोबाइल उचलून डोळ्यांशी नेला.

"दिसला," ती म्हणाली. "ताप उतरला त्याचा. तोंडावर तरतरी हाय."

"कोणता माय? पडला का?"

पण चित्र पुढं सरकलं होतं. एक नारंगी सायकल घोळक्यातून सुटली होती. ती सुटली ती कोणाच्या हाती लागलीच नाही. दोन्ही हात वर करून स्वारानं शेवटची रेघ ओलांडली, तसा झिंगू उडालाच. "जिंकला रे आपला पोट्टा!"

मृदंग कडाडला. कोणी गुलाल आणला. बुवांनी गळ्यातला हार काढून मोबाइलपुढं ठेवला आणि डोळे पुसले. चंदाबाईनं द्रोण कपाळाला लावला आणि पहिला घास घेतला.

त्या गलबल्यात रंजीतानं मोबाइल कोपऱ्यात नेला, चित्र मागं घेतलं आणि त्या वळणावर थांबवलं. तिनं आईला खुणावून बोलावलं. पडलेल्या पहिल्यावर बोट ठेवलं. "हा?"

आईनं नकारार्थी मान हलवली.

"मंग हा?"

"नाई."

चंदाबाईनं दह्याचं बोट पदराला पुसलं आणि चित्राच्या अगदी कडेला टेकवलं. पडलेल्यांच्या मागं, तोंडावरचा रुमाल खाली ओढून, मागून येणाऱ्या सायकली पोहोचायच्या आत खराट्यानं रस्त्यावरची रेती लोटत होता कुलदीप.