बसण्याचा सराव

ड्रायव्हरने जन्मभर लोकांच्या सहली नेल्या. बायकोला घेऊन समुद्रावर जाण्याचा योग मात्र निवृत्तीनंतर आला, आणि नेमकी तेव्हाच तिची कंबर दुखू लागली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. "काही नाही हो, खुशाल फिरून या," डॉक्टर म्हणाले. पण तिला खुर्चीत घटकाभरही बसवत नव्हतं आणि प्रवास होता दिवसभराचा.

शेवटी त्याने हॉलमध्ये दोन खुर्च्या बसमधल्यासारख्या शेजारी-शेजारी मांडल्या आणि रोज संध्याकाळी बसायचा सराव सुरू केला.

"खिडकी माझी हं, ड्रायव्हरसाहेब," ती म्हणायची, आणि थोड्याच वेळात कळवळून उठायची.

"स्टॉप आला वाटतं," तो हसून म्हणायचा आणि उद्या तिकिटं रद्दच करू, असं मनाशी घोकायचा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र ती बसूनच राहिली. टीव्हीवरच्या बातम्या संपल्या, मालिका संपली, तरी ती उठली नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, जिंकलीस की! पोचलो आपण समुद्रावर!"



"अहो, मघापासून उठायला बघतेय मी," ती हळूच म्हणाली. "पाय हलतच नाहीयेत."