दुसरं पाणी

पहिलं पाणी.

कंपनीच्या ट्रेनिंगला तैवानला जाऊन आलेल्या धम्मपालने गुडीहत्नूरच्या घरात टेबलावर चहा मांडला. दुसऱ्यांच्या शेतातल्या निंदणाने वाकलेली पाठ खुर्चीला टेकवून त्याची आई चंपाबाई समोर बसली.

"उंच डोंगरातली पत्ती हाये, आई. आधी वास घे."

तिने कप नाकाशी नेला. "निंबाच्या मोहरावानी येऊन राह्यला. अन् दूध?"

"याच्यात दूध-साखर नाई टाकत."

"कपाले कान काऊन नाई?"

"असाच असते तो. तिकडं मोठमोठे लोक याच्यातच पितात."

चंपाबाईने कप कडेला दोन बोटांत धरला आणि घोटाघोटाने संपवला. लेक तोंडाकडे बघत होता, म्हणून म्हणाली, "पिऊन झाल्यावर घशात गोड लागते रे. चांगला हाये."

दुसरं पाणी.

"आता पत्ती उघडंल. खरी चव आता," म्हणत धम्मपालने त्याच पत्तीवर पुन्हा पाणी ओतायला किटली उचलली, तर आईही नव्हती आणि तिचा कपही नव्हता. ती बाहेर पायरीवर टेकली होती. कप धुऊन, पालथा करून, पडवीच्या वळचणीला खोचलेला.

"आई, कप इथं काऊन ठेवला?"

चंपाबाईने वर पाहिलं. कप बघून तीच दचकली.

"मालकाच्या आंगणात आमाले कोरा चहा भेटे. कान तुटलेला कप राहे. पिऊन झाला का धुवून असाच वळचणीले खोचा लागे." तिने आपला हात पुढे धरून पाहिला. "आता मी नाई ठेवला, बाबा. या हातानं ठेवला."