सहा माद्या

"या सहाही माद्या वांझ आहेत, मॅडम. टाकायच्या का काढून?" पिंजऱ्यांवरची कार्डं हातात घेऊन मावशींनी विचारलं.

प्रयोगशाळेतले उंदीर बारा वर्षं त्याच सांभाळत होत्या. भुसा बदलायचा, पाणी भरायचं, पिल्लं मोजायची. या सहा पिंजऱ्यांत पाच महिने मोजण्यासारखं काही आलंच नव्हतं.

"आणि यांच्यातले नर?" संशोधक बाईंनी विचारलं.

"नरांना काय धाड भरलीय? चांगले टणटणीत आहेत."

ते खरंच होतं. डोंगराच्या दोन बाजूंच्या उंदरांचा संकर करून ही पिढी काढली होती. हिवाळ्यात साथ आली, दोन्हीकडचे अस्सल उंदीर निम्मे मेले. या संकरातल्यांना मात्र शिंकही आली नाही. रोगाशी झुंजणारी जनुकं त्यांना दोन्ही घरांकडून मिळाली होती.

"काढू नका. माद्यांना अस्सल नरांजवळ ठेवून बघू," बाई म्हणाल्या.

एकविसाव्या दिवशी सकाळी मावशींनी पहिला पिंजरा ओढला. भुशात गुलाबी वळवळ होती. आठ पिल्लं. दुसऱ्यात सहा. पाच पिंजरे भरले होते, सहावीचं पोट टम्म होतं. मावशी धावतच बाईंना सांगायला गेल्या.

बाई सूक्ष्मदर्शकाशी बसल्या होत्या. "या, बघा. त्या टणटणीत नरांचं बीज आहे. काही हलतंय?"

मावशींनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. "काहीच नाही."

"दोष कुणाचाच नाही. दोन्हीकडची जनुकं नरांच्या बीजात एकमेकांशी जमवून घेत नाहीत. माद्यांचं निभावतं. साथीला पुरून उरायची ताकद पुढच्या पिढीत जाईल ती या माद्यांमुळेच. आपण मात्र त्यांना काढून टाकायला निघालो होतो."

त्या दिवशी मावशींनी हात जरा जास्तच वेळ धुतले.

संध्याकाळी घरी सून दुसऱ्या दिवशीच्या तपासणीचे कागद लावत होती. तीन वर्षांत फाइल चांगली जाडजूड झाली होती. तिच्यात मुलाचा एकही कागद नव्हता. "माझ्या पोराला आयुष्यात साधा ताप नाही, त्याला कशाला तपासता?" असं मावशींनी पहिल्याच डॉक्टरला ठणकावलं होतं.

त्या सुनेजवळ बसल्या. फाइल तिच्या हातातून हलकेच काढून घेतली.

"उद्या तू नको जाऊस, बाळा. खूप सुया टोचून घेतल्यास." मग मुलाकडे वळल्या. "तू जा. हवं तर मी येते बरोबर."

आता हा चिडणार, आदळआपट करणार, असं मावशींना वाटलं. मुलाने फाइल त्यांच्या हातातून घेतली. मग त्याने सुटकेचा मोठा श्वास सोडला.

"मी कधीच गेलो असतो, आई," तो म्हणाला, "तुझीच भीती वाटत होती."